आक्कांची अर्धी गोळी

मार्गासनी, ता. वेल्हे
१४ नोव्हेंबर २०२४

चि. फौजिया,

मार्गासनीच्या अंगणवाडीतल्या सगळ्यात हट्टी मुलीला तिच्या बाईंचा आशीर्वाद.

तू आता भोरच्या दवाखान्यात भूल देणारी मोठी डॉक्टरीण आहेस, हे मला कळतं. पण तुझी अम्मी इथल्या उपकेंद्रात नर्स होती, तेव्हा ती तुला माझ्याकडे सोडून जायची आणि तू दारात बसून गावाला ऐकू जाईल असं भोकाड पसरायचीस, तेही मला आठवतं. म्हणून हे पत्र डॉक्टरणीनं वाचायचं नाही, त्या पोरीनं वाचायचं.

घशाच्या स्वरूप डॉक्टरांनी पुढचं सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही असा हुकूम देऊन मला घरी पाठवलं. सगळी नोकरी पोरांवर ओरडण्यात गेली, आणि आता घरात कोंबडी शिरली तरी मला हाट म्हणायची बंदी. मोबाईलवर लिहायला गेले तर माझ्या आधी तोच शब्द ठरवतो. शेवटी वहीचं पान फाडलं. तुझा भाऊ मोहसीन टेम्पो घेऊन वेल्ह्याला जाता-येता दारात थांबतोच, त्याच्या हाती देतेय. तूही उत्तर कागदावरच दे. फोन केलास तर मी बोलल्याशिवाय राहायची नाही.

आक्का म्हणतात, रक्ताचा दाब उतरला म्हणून तुम्ही ऑपरेशन मध्येच थांबवलं आणि घशातली गाठ आहे तिथंच राहिली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ठकुबाई. दवाखान्यात तुला तीन वेळा "जेवलीस का गं?" विचारणाऱ्या त्याच. बरं, गाठ राहिली तर राहिली. पण माझी छाती का ठणकतेय ते सांग. श्वास घेतला की बरगडीतून कळ येते. कॉटवरून पाडलंत की काय मला?

आता मी पुन्हा यायची नाही. आवाज घोगरा आहे, पण आक्कांना हाक मारण्यापुरता पुरतो, आणि या वयात मला कुठं भाषणं करायची आहेत? उगीच तुम्हाला त्रास.

घरी सोडलं त्या सकाळी तू भेटायला आली नाहीस. रागावले नाही. दाराकडे मात्र बघत होते.

सोबत नवा तांदूळ पाठवला आहे. मऊ भात कर आणि गरम असतानाच खा.

तुझी,
सुलक्षणाबाई


भोर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. बाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तांदूळ मिळाला. अम्मीनं डब्याचं झाकण उघडून आधी वास घेतला आणि मग तुमचं नाव घेतलं.

तुम्हाला कॉटवरून कुणी पाडलं नाही. तुमच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मी दाबत होते. बरगडी दुखतेय ती माझ्यामुळे.

आक्कांना आम्ही सगळं सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला "दाब उतरला" एवढंच सांगितलं, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हे तुम्हाला मी सांगायला हवं होतं. त्या सकाळी मी तुमच्या खोलीच्या बाहेरपर्यंत आले होते. आत यायचा धीर झाला नाही.

झालं ते असं. भूल दिल्यावर माणसाचा श्वास आमच्या हातात असतो, म्हणून घशातून श्वासनळीत एक नळी घालतो. तुमची गाठ आवाजाच्या पडद्यावरच आहे, त्यामुळे नळीनंतर स्वरूप सरांना तिथंच एक जाड दुर्बीण बसवावी लागली. घशात त्या जागी दाब पडला की काही जणांचं हृदय सावकाश होतं. हे आम्हाला माहीत असतं, त्यावरचं औषध भरून हाताशी ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा दुर्बीण जरा सैल केली की ठोके परत येतात. तुमचे ठोके सावकाश झाले आणि मग थांबले. सरांनी लगेच दुर्बीण काढली, मी औषध दिलं, छाती दाबली. हृदय परत सुरू झालं. फार वेळ गेला नाही, तुमच्या मेंदूला काही धक्का नाही, सगळं तपासलंय. पण मला तो वेळ फार मोठा वाटला.

कारण मला सापडत नाही. तुमची नाडी आधीपासून जरा सावकाश होती, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, सगळा जन्म चढउतार करणाऱ्या बाईची नाडी अशीच असणार. बहुतेक माझंच भुलीच्या औषधाचं प्रमाण चुकलं. त्या दिवशीच्या भुलीच्या नोंदींचा कागद रोज काढून बघते.

बाई, ती गाठ काढायलाच हवी. ती वाईटच असेल असं नाही, पण काढून तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, आणि थांबलो तर ती आपल्यासाठी थांबणार नाही. पुण्याच्या एक मोठ्या मॅडम आहेत, माझ्या शिक्षिका. त्या येऊन भूल देतील. मी नसेन. तुम्ही निर्धास्त या.

तुमची,
फौजिया


मार्गासनी
२० नोव्हेंबर २०२४

फौजे,

आज चिरंजीव वगैरे काही नाही. मी रागावले आहे.

मी नसेन म्हणजे काय? कोण कुठल्या पुण्याच्या मॅडम, असतील मोठ्या. त्यांना मी कधी खिमट भरवलंय का? तुला भरवलंय. दुपारी सगळी पोरं झोपायची आणि तू टक्क जागी असायचीस, मांडीवर घेऊन थोपटत बसावं लागायचं. माझी उभी दुपार तुझ्या पाठीवर गेली आहे. त्या पोरीनं मला झोपवायचं नाही तर कुणी?

आता खरं लिहिते. मी पुन्हा येणार नाही म्हणाले ते वयामुळे नाही आणि आवाजामुळेही नाही. त्या दिवशी जाग येत होती, डोळे मिटलेलेच होते, तेव्हा उशाशी कुणीतरी रडत होतं. आवाज दाबून, नाक ओढत. मी तो आवाज ओळखला. अंगणवाडीत तू पडलीस की आधी मोठ्यानं रडायचीस, पण खरंच लागलेलं असलं की असं रडायचीस. तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं होता होता टळलंय. आक्कांनी दाब उतरल्याचं सांगितलं, मी मान डोलावली आणि तुलाही तेच लिहिलं.

माझं काय, जगले तेवढं पुष्कळ आहे. पण मी तुझ्या हाताखाली गेले तर तू पुन्हा कुणाला भूल द्यायची नाहीस, एवढं मी तुला ओळखते. भोरला आणि आमच्या खोऱ्यात बाळंतपणात अडलेल्या किती बायका तुझ्या भरवशावर आहेत. माझ्या एका गाठीपायी तुझे हात थांबायला नकोत. म्हणून येणार नाही. तुझ्याकडेही नाही आणि मॅडमकडेही नाही.

आणि कारण कसलं शोधत बसतेस? मी घाबरले होते, दुसरं काय. त्या पहाटे छातीत इतकं धडधडत होतं की आक्कांनी त्यांच्यातली गोळी रोजच्यासारखी अर्धी न देता आख्खी हातावर ठेवली. तुझा उपाशी राहायचा हुकूम होता, तेवढ्या गोळीपुरता घोटभर पाण्यानं मोडला. तो गुन्हा माफ कर. पण तू स्वतःला दोष देणं बंद कर आणि नीट जेव. मोहसीन सांगत होता, ताट तसंच ठेवून उठतेस.

तुझीच,
बाई


भोर
२१ नोव्हेंबर २०२४

बाई,

कुठली गोळी?

मोहसीनला आज दुसरी कुठलीही खेप न घेता फक्त हे पत्र घेऊन पाठवतेय. गोळीचं पाकीट जसं असेल तसं त्याच्याकडे द्या. फाटलेलं असलं तरी चालेल. रोज घेता का? किती दिवसांपासून?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी स्वतः तुमच्याजवळ बसून विचारलं होतं, कुठलं औषध चालू आहे का? तुम्ही नाही म्हणालात. मी पुन्हा विचारलं, दाबाचं, साखरेचं, हृदयाचं? तुम्ही हसून म्हणालात, "मला मेलीला काय होतंय!"

मला वाटतंय ती गोळी कुठली असेल. दाब आणि धडधड कमी करणारी एक गोळी असते, ती हृदयाचे ठोकेच सावकाश करते. ती पोटात असताना घशात दुर्बिणीचा दाब पडला, तर आधीच सावकाश चाललेलं हृदय थांबू शकतं. ज्याला ती चालू आहे त्याला आम्ही भूल देतो, रोज देतो, पण आम्हाला ते ठाऊक असावं लागतं.

एक गोष्ट नीट वाचा. गोळी एकदम बंद करायची नाही. एकदम सोडली तर हृदय उसळतं. मी सांगेपर्यंत जशी घेता तशीच घ्या, फक्त आख्खी नको. आणि आक्का त्यांच्या वाट्यातली अर्धी तुम्हाला देत असतील, तर त्या स्वतः अर्ध्यावरच आहेत. त्यांचा दाब कुणी मोजलाय का?

तुमच्यावर चिडू की काय करू तेच कळत नाही. आत्ता आधी चिडते.

फौजिया


मार्गासनी
२१ नोव्हेंबर, मोहसीन ओट्यावर चहा पीत थांबलाय

फौजे,

पाकीट सोबत आहे.

मी खोटं बोलले नाही गं. तू औषध चालू आहे का विचारलंस, मी नाही म्हणाले, कारण औषध माझं नव्हतंच. केसपेपर आक्कांचा, चिठ्ठी आक्कांच्या नावाची, वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रांगेत त्या उभ्या राहतात. माझं त्यात काय होतं?

आमच्या घराची रीत तुला माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी जावा एकाच चुलीवर आहोत. जे येईल त्याचे दोन वाटे. पेरू आला तर विळीवर दोन फोडी, कुणी एकच साडी दिली तर एका सणाला त्या नेसणार, एका सणाला मी. आमचे हे गेले त्या वर्षी मला रात्रीबेरात्री धडधडायला लागलं. आक्कांनी न विचारता गोळीचे दोन तुकडे केले, एक स्वतःच्या तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून तसंच चाललंय. त्याला मी औषध म्हणत नव्हते. तो आमचा सकाळचा चहाबरोबरचा वाटा होता.

मोहसीननं तुझं पत्र आक्कांना वाचून दाखवलं, कारण त्यांना वाचता येत नाही आणि मला बोलता येत नाही. ऐकलं आणि त्या ओरडल्या, "आरं मोहसीन, म्हंजी म्या माज्या हातानं जावंला मारलं आसतं की रं!" मोहसीन बिचारा समजावत होता, "आवो आक्का, तसं न्हाई, तुमी मायेनंच दिली नव्हं?" पण त्या ऐकतील तर ना. "आता त्या गोळीला म्या शिवत न्हाई. मेले तर मरू दे मला," म्हणाल्या आणि राहिलेलं पाकीट माझ्या पुढ्यात फेकलं.

बघ आता. तू लिहितेस एकदम बंद करायची नाही, आणि ही बाई बंद करून बसली आहे. मी हातवारे केले, पाया पडले, कपाळावर हात मारून घेतला. पाटीवर लिहू तर त्यांना अक्षर कळत नाही. मोहसीन किती वेळ पुरणार? हाकेपुरता घोगरा आवाज रागवायला पुरत नाही. माझ्या जन्मात मला आवाजाची इतकी गरज कधी पडली नव्हती. मी सोडून दुसऱ्या कुणी रागावलेलं आक्का मनावर घेत नाहीत.

म्हणून येते. आक्कांनाही घेऊन येते. गाठ काढा, तपासा, जे निघेल ते निघेल. मला माझा आवाज हवा आहे.

पण भूल तू द्यायचीस. मॅडमना बोलाव, शेजारी खुर्ची टाकून बसव, चहा पाज. थोपटायचं मात्र तुझ्या हातानं. चूक तुझ्या प्रमाणाची नव्हती, आमच्या वाट्याची होती, आता तरी ते कागद बघणं सोड.

बाई


भोर
१९ डिसेंबर २०२४

ती. बाई,

तुम्ही वॉर्डात झोपला आहात आणि मी दोन खोल्या पलीकडे बसून तुम्हाला पत्र लिहितेय. अम्मी म्हणाली, "येडी झालीस का, जाऊन सांग की." पण तुम्ही जाग्या झालात की मला बोलता येणार नाही, मला माहीत आहे. घरी गेल्यावर हे वाचा.

पाकिटावरून गोळी तीच निघाली. इथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी हळूहळू ती सोडवली, तुमच्या हृदयात दोष नाही असं सांगितलं, तरी मला काल रात्री जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू? आक्कांचा दाब मोजला तेव्हा नर्सनं मशीन बिघडलंय समजून दुसरं आणलं होतं, एवढा वाढला होता. आता आख्ख्या गोळीवर त्या ताळ्यावर आल्या आहेत. सकाळी तुम्हाला आत नेलं तेव्हा त्या दाराशी मला धरून म्हणाल्या, "पोरी, म्या आज तिला काय बी दिलं न्हाई बग. पानी बी न्हाई." मी त्यांना मिठी मारली आणि आत आले.

मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

ठोके मंदावू नयेत म्हणून यावेळी मी औषध आधीच दिलं होतं. घशावर बधिर करणारा फवारा मारला, मगच नळी घातली. सरांनी दुर्बीण बसवली आणि ठोके दाखवणाऱ्या मशीनचा आवाज सावकाश झाला. बाई, तो पुन्हा सावकाश झाला. मी म्हणाले, "सर, सैल करा." माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. सरांनी सैल केली. तुमच्या मनगटावर माझी बोटं होती. मशीनकडे बघायचं सोडून मी नाडीच बघत होते. एक ठोका लागला, मग दुसरा, मग ते नेहमीसारखे चालू लागले. सरांनी पुन्हा हळूच बसवली आणि यावेळी तुमच्या हृदयानं ऐकून घेतलं. गाठ पूर्ण निघाली. तपासायला पुण्याला गेली आहे.

तुम्हाला जाग येताना मी उशाशीच होते. यावेळी रडले नाही. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत आणि काहीतरी बोलणार होतात, मी तोंडावर हात ठेवला. त्याबद्दल माफ करा. सर सांगेपर्यंत कुजबूजही नको, ती तर आवाजाला जास्त वाईट. आवाज पहिल्यासारखा येईल असं सरांना वाटतं. खात्री मात्र त्यांनी दिली नाही, म्हणून मीही देत नाही.

आजच मला एका अडलेल्या बाळंतिणीला भूल द्यायची होती. दिली. मुलगी झाली.

तुमची,
फौजिया


मार्गासनी
३१ डिसेंबर २०२४

चि. फौजिया,

तुझा निरोप मोहसीननं टेम्पो थांबवायच्या आधीच रस्त्यावरून ओरडून दिला. "बाई, गाठ साधी हाय! काय बी वंगाळ न्हाई!" शेजारपाजारच्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं. आक्कांनी चुलीवरचं दूध तसंच सोडून देवापुढं डोकं टेकलं आणि दूध उतू गेलं. मी पदरानं डोळे पुसले आणि मग चूलही पुसली.

आक्का गोळी घेतात, आख्खी. सकाळी पाकीट माझ्याकडे आणून दाखवतात आणि माझ्यासमोर गिळतात. पण चहा पिताना त्यांचा चेहरा उतरलेला असतो. कालही म्हणाल्या, "आपन एकटीनंच खाल्ल्यागत वाटतं गं." मी त्यांच्या बशीत माझ्यातली अर्धी भाकरी ठेवते. तेवढ्यावर भागवतोय.

स्वरूप डॉक्टरांनी काल तपासून आजपासून थोडं थोडं बोलायची परवानगी दिली. आज सकाळपासून आक्का माझ्यासमोर बसून आहेत. पहिला शब्द त्यांनाच ऐकायचा आहे, देवाचं नाव नाहीतर त्यांचं. मी मानेनं नाही म्हटलं, तर रुसून परसात जाऊन बसल्या आहेत. त्यांची समजूत मी नंतर काढीन, त्यासाठी तर आवाज मागून घेतला.

पहिला शब्द तुझ्यासाठी ठेवलाय. उद्या सकाळी तू दवाखान्यात जायच्या आधी फोन करते. मला भीती वाटतेय, ते लपवत नाही. डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही, आणि आवाज आला नाही तर आक्कांच्या समोर ते मला सोसायचं नाही. तुझ्यासमोर सोसेल. तू मला याहून वाईट अवस्थेत पाहिलं आहेस आणि परत आणलं आहेस.

म्हणून फोन उचल आणि हॅलो हॅलो करत बसू नकोस, गप्प राहा. आणि बराच वेळ तुला काहीच ऐकू आलं नाही, तरी ठेवू नकोस. पलीकडे मी असेन.

बाई